फ्रेंच पियानोवादक इव्हॉन लोरिओ यांची ओळख ‘मेसियाँ यांच्या पत्नी’ एवढीच आहे का? त्यांची कोणती ध्वनिमुद्रणे आधी ऐकावीत?

मुळीच नाही. १९४३ पासून फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ यांनी पियानोसाठी जे लिहिले, ते लोरिओ यांचे हात समोर होते म्हणूनच तसे लिहिले गेले, असे माझे मत आहे.

लोरिओ यांचा जन्म १९२४ मध्ये पॅरिसजवळ झाला. चौदाव्या वर्षापर्यंत बीथोव्हनचे बत्तीसही सोनाटा आणि मोझार्टचे सगळे पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचना) त्यांनी बसवले होते. १९४१ मध्ये युद्धकैद्यांच्या छावणीतून सुटलेले मेसियाँ पॅरिसच्या संगीत महाविद्यालयात शिकवू लागले, तेव्हा त्यांच्या पहिल्याच वर्गात लोरिओ बसल्या होत्या. छावणीतील हालांमुळे मेसियाँ यांची बोटे सुजलेली होती आणि त्याच बोटांनी त्यांनी देब्युसीची वाद्यवृंदासाठीची एक रचना पियानोवर वाजवून दाखवली, ही आठवण लोरिओ पुढे सांगत असत.

दोनच वर्षांनी मेसियाँ यांनी ‘व्हिजियाँ द लामेन’ ही दोन पियानोंची रचना लिहिली. तिची वाटणी पाहिली की सगळे स्पष्ट होते: लयीची अवघड कामे, स्वरांचे दाट पुंजके आणि सारा वेग पहिल्या पियानोकडे, म्हणजे लोरिओ यांच्याकडे, तर मुख्य धून आणि भावनेचा भार संगीतकाराने स्वतःकडे घेतला. त्या वेळी लोरिओ १९ वर्षांच्या होत्या. विवाह पुष्कळ नंतरचा, १९६१ मधला.

ऐकायला सुरुवात ‘व्हँ रगार स्युर लाँफाँ-जेझ्यू’ या वीस भागांच्या आणि जवळजवळ दोन तासांच्या रचनेपासून करावी. तिचा पहिला प्रयोग त्यांनी १९४५ मध्ये केला; मी मात्र १९७३ चे एराटो कंपनीचे ध्वनिमुद्रण सुचवीन. त्यातला पाचवा भाग मराठी श्रोत्याने मुद्दाम थांबून ऐकावा. वरच्या दोन पदरांत एकच लयबंध चालतो, पण एक पदर दुसऱ्याच्या दीडपट लांब मात्रांचा असतो आणि त्या दोहोंखाली मुख्य धून संथपणे सरकत राहते. या लयबंधात रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश हे तीन देशी ताल गुंफलेले आहेत. मेसियाँ यांना ते शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकर’मधील १२० देशी तालांच्या यादीतून मिळाले आणि तो ग्रंथ तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीत, म्हणजे आजच्या दौलताबादेत, लिहिला गेला. लोरिओ यांच्या वादनात हे तिन्ही पदर एकमेकांत मिसळत नाहीत. दीडपटीची लय हाताने मोजून पाहणाऱ्याला हे किती कठीण आहे ते कळेल.

त्यानंतर ‘कातालॉग द्वाझो’ ही पक्ष्यांवरील तेरा रचनांची मालिका घ्यावी. मेसियाँ यांनी ती आपल्या पंखवाल्या गुरूंना आणि लोरिओ यांना अर्पण केली आहे. तिच्यातील सर्वांत लांब, सुमारे अर्ध्या तासाचा भाग सोलोन्य प्रदेशातल्या तळ्याकाठच्या बोरूच्या बेटातील एका वटवट्या पक्ष्याचा आहे. मेसियाँ रानात वहीत स्वर टिपत, तेव्हा लोरिओ टेपरेकॉर्डर घेऊन सोबत असत. त्यामुळे त्या वादनात पक्ष्याचे थबकणे आणि पुन्हा अचानक सुरू होणे केवळ स्वरलिपीतून आलेले वाटत नाही. ‘तुरंगलीला’ ही मेसियाँ यांची वाद्यवृंदासाठीची सिम्फनी ऐकायची असेल, तर म्युंग-व्हुन चुंग यांच्या संचालनाखालील १९९० चे ध्वनिमुद्रण घ्यावे. त्यात ओंद मार्तनो हे विद्युत्‌वाद्य इव्हॉन यांची बहीण जान लोरिओ यांनी वाजवले आहे.

लोरिओ फक्त मेसियाँच वाजवत, हा समजही चुकीचा आहे. संगीतकार पिएर बुलेझ यांच्या ‘स्ट्रुक्त्यूर’ या दोन पियानोंच्या रचनेच्या दुसऱ्या खंडाचा पहिला प्रयोग १९६१ मध्ये त्यांनी बुलेझ यांच्यासोबत केला आणि संगीतकार जाँ बाराके यांचा प्रचंड पियानो सोनाटाही ध्वनिमुद्रित केला. त्यांचे शिष्य पिएर-लोराँ एमार आणि रोजे म्युरारो यांनीही ‘व्हँ रगार’ ध्वनिमुद्रित केले आहे. १९७३ चे मुद्रण ओळखीचे झाले की पाचवा भाग या दोघांकडूनही ऐकावा.