कोळशाचा ग्राफाइट होताना रेणूंचं काय होतं?

तुम्ही विचारलंय की अँथ्रासाइटमध्ये, म्हणजे सर्वांत पक्क्या कोळशात, ९० टक्क्यांहून जास्त कार्बन असतो, मग उरलेलं निघून गेलं की त्याचा आपोआप ग्राफाइट का होत नाही? साखर जाळून केलेला कोळसा घ्या. तो ३००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की त्यात कार्बनशिवाय जवळजवळ काहीच उरत नाही, तरीही त्याचा ग्राफाइट होत नाही. म्हणजे अडचण शुद्धतेपेक्षा मांडणीची आहे.

लिग्नाइटमध्ये, म्हणजे कच्च्या तपकिरी कोळशात, ऑक्सिजन भरपूर असतो. दाब आणि उष्णतेने तो मुख्यतः पाणी व कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने निघून जातो. पुढे बिट्युमिनस (मधल्या टप्प्यातल्या) कोळशात एकमेकांना चिकटलेल्या काही मोजक्या बेंझीन वलयांचे छोटे पुंजके दिसतात. त्यांना शेपट्यांसारख्या साखळ्या असतात आणि पुंजक्यापुंजक्यांना जोडणारे पूलही असतात. अँथ्रासाइटकडे जाताना या साखळ्या तुटतात, मिथेन बाहेर पडतो आणि वलयं एकमेकांत मिसळून पापुद्रे मोठे होतात. पण हे पापुद्रे अजून लहान, सुरकुतलेले असतात. दोन-चार एकावर एक बसले तरी प्रत्येक जण आपापल्या कोनात फिरलेला. ग्राफाइटमध्ये मात्र प्रत्येक थर खालच्या थराच्या हिशेबाने ठरावीक जागी बसतो आणि दोन थरांमधलं अंतर ०.३३५४ नॅनोमीटरवर येतं. फिरलेल्या थरांत ते ०.३४४ च्या आसपास असतं. आकड्यातला फरक किरकोळ वाटेल, पण सगळी मेहनत तेवढ्यासाठीच आहे.

पापुद्र्यांना फिरून जागेवर बसता येतं की नाही, हे त्यांच्यामधले पूल ठरवतात. १९५१ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ रोझालिंड फ्रँकलिन यांनी क्ष-किरणांच्या आधारे कार्बनचे दोन गट पाडले, ग्राफाइट होणारे आणि न होणारे. डीएनएच्या रचनेवरच्या त्यांच्या प्रसिद्ध कामाआधीचं हे काम मला तितकंच मोठं वाटतं. साखरेच्या कोळशात मजबूत आडवे पूल कमी तापमानालाच तयार होतात आणि पापुद्रे वेड्यावाकड्या दिशांनी जखडले जातात. लिग्नाइटचंही साधारण तसंच. कोकिंग कोळसा (बिट्युमिनसचा एक प्रकार, ज्यापासून कोक करतात) मात्र ४०० ते ५०० अंशांच्या दरम्यान मऊ होतो. त्या अवस्थेत चपटे रेणू सरकतात, समांतर होतात, त्यांचे द्रवस्फटिकासारखे गोल थेंब बनतात आणि ते थेंब एकमेकांत मिसळतात. पुन्हा घट्ट होईपर्यंत दिशा ठरून गेलेली असते.

अँथ्रासाइट या दोन्हींत बसत नाही. तो मऊ होत नाही, म्हणून साधारण २००० अंशांपर्यंत हट्टीपणाने तसाच राहतो. पण जमिनीतल्या दाबाने त्याचे पापुद्रे आधीच बऱ्यापैकी एका दिशेला झुकलेले असतात. त्यामुळे त्यापुढे पूल तुटले, सुरकुत्या सपाट झाल्या की त्याचा चांगला ग्राफाइट होतो.

निसर्गात २००० अंश मिळत नाहीत, तरी कोळशाच्या थरांचा ग्राफाइट झालेला सापडतो. तिथे लाखो वर्षांचा काळ मदतीला असतोच, पण माझ्या मते खरं काम करतो तो खडक सरकतानाचा घासणारा ताण. नुसता चहूबाजूंनी सारखा दाब पापुद्र्यांना वळवत नाही. तिरका ताण पूल तोडतो आणि पापुद्रे एका दिशेला लोळवतो.

तुमच्या नमुन्याच्या क्ष-किरण आलेखात २६.५ अंशांजवळ (इथले अंश कोनाचे, तापमानाचे नव्हेत) टोकदार शिखर आलं म्हणून ग्राफाइट झाला असं लगेच धरू नका. तांब्याची क्ष-किरण नळी वापरली असेल तर क्वार्ट्झचं (वाळूतल्या खनिजाचं) सर्वांत जोरदार शिखर २६.६ अंशांवर येतं आणि कोळशाच्या राखेत क्वार्ट्झ हमखास असतो. आधी २०.९ अंशांवर बघा. तिथेही रेघ असेल तर क्वार्ट्झ आहे. मग राख काढून नमुना पुन्हा मोजा.