टायर नऊशे-सोळा, तर मडगार्ड केवढं?

वाचकांचे प्रश्न : ट्रॉली, टँकर आणि मडगार्ड

प्रश्न (यावल तालुक्यातून) : भाऊ, नमस्कार. आमचा ट्रॅक्टरमागचा पाण्याचा टँकर आहे, दोन चाकी, टायर 9.00-16. जुनी मडगार्डं गंजून गळाली म्हणून नवी बनवून घेतली, तर फॅब्रिकेशनवाल्याने पार टायरला चिकटवून बसवली. दिसायला भारी, पण केळीच्या बागेतून बाहेर निघालो की चिखल आत दाबून बसतो आणि चाक फिरायचं सोडून घसटत येतं. आता परत बनवायचीत, साईज काय सांगू?

उत्तर : भाऊ, त्याने टायर मोजला, माती मोजली नाही. आधी टायरचं बघू. 9.00-16 म्हणजे टायर 9 इंच रुंद, रिम 16 इंची, आणि या जुन्या पद्धतीच्या नंबरात रिमबाहेरच्या रबराची उंची साधारण रुंदीएवढीच धरतात, म्हणून 16 मधे दोन वेळा 9 मिळवले की टायरची पूर्ण उंची 34 इंच आली, प्रत्यक्षात नवा टायर टेपने मोजला तर 35 च्या आसपास भरतो. घासलेला टायर मोजून मडगार्ड बनवू नका, नवा टाकला की अर्धा इंच जागा तिथंच जाते.

आता गॅप. नुसतं डांबरी रोडवर चालणार असेल तर टायर आणि पत्र्यात 2-3 इंच पुरे, पण रावेर-यावलची काळी माती, त्यात ड्रिपने कायम ओली असलेली बाग, टायरवर थरावर थर चढत जातो आणि पत्र्याला भिडला की तिथंच घट्ट होतो. म्हणून वर 4 इंच तरी सोडा, 5 सोडले तरी काही बिघडत नाही. 35 चा टायर म्हणजे मधून वरपर्यंत साडेसतरा, त्यात 4 मिळवले की साडेएकवीस, ही झाली मडगार्डची आतली गोलाई. पूर्ण अर्धा गोल हवा असेल तर पत्रा 67-68 इंच लांब लागेल, दोन्ही टोकं दुमडायची असतील तर त्याचं वेगळं धरा. रुंदी 12 इंच ठेवा, कारण 9 चा टायर टँकर भरल्यावर खाली फुगतो.

अजून एक सांगतो, हे बरेच कारागीर बघत नाहीत. गाडी पुढं चालताना चाकाचा वरचा भाग पुढं धावतो, म्हणजे चिखल मागच्या बाजूने वर चढतो, मडगार्डखालून जातो आणि पुढच्या बाजूने खाली पडतो. तर जिथून शिरतो तिथं गॅप कमी आणि जिथून निघतो तिथं जास्त पाहिजे. अख्खं मडगार्ड इंचभर पुढं सरकवून बसवलं की मागं 3 आणि पुढं 5 इंच मिळतात, शिरलेला चिखल आपोआप बाहेर पडतो. पुढचं टोक फार खाली आणू नका आणि टाकीकडची आतली कड बंद करू नका, तिथून पाण्याचा पाईप मारला की सगळं धुऊन निघतं. तुमच्या टँकरला पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, नसतील, एक्सल सरळ चेसिसला जोडलेला असेल, तर भरलेला असो की रिकामा, गॅप तेवढाच राहतो, ते एक बरं आहे.

प्रश्न (अमळनेरहून) : आमच्या ट्रॉलीला मागे एकमेकांजवळ दोन एक्सल आहेत, टायर 7.50-16, खाली पाटे. रिकाम्या ट्रॉलीला 3 इंच गॅप दिसतो, पण मका भरून निघालो आणि खड्डा आला की टायर मडगार्डला घासतो, रबर जळाल्याचा वास येतो. मडगार्ड मोठं घ्यायचं की पाटे वाढवायचे?

उत्तर : दादा, पाट्यांना हात लावू नका, आधी मोजा. रिकाम्या ट्रॉलीखाली वाकून एक्सल आणि चेसिसवरचा रबरी ठोकळा यातलं अंतर बघा. समजा 4 इंच आहे, तर भरल्यावर टायर जास्तीत जास्त तेवढाच वर येऊ शकतो, म्हणून मडगार्ड बॉडीला बसवलेलं असेल तर रिकामं असताना 4 अधिक वर 2 असा 6 इंच गॅप पाहिजे. तुमचा 3 चा गॅप पहिल्याच खड्ड्यात संपणार. रिकामी ट्रॉली मग जरा भकास दिसते, दिसू द्या.

दोन्ही चाकांवर एकच लांब मडगार्ड बनवायचं असेल तर लांबी अशी काढा : दोन एक्सलच्या मधोमधचं अंतर, अधिक टायरची पूर्ण उंची, अधिक दोन्ही टोकांना 3-3 इंच. एक्सलमधे 40 आणि टायर 32 धरला तर 78 इंच. तुमचं 40 नसेल तर माझा आकडा घेऊन पत्रा कापू नका. त्यापेक्षा फ्रीजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा घ्या, मडगार्डच्या आकारात कापून तारेने जागेवर बांधा, मग एक चाक जाड लाकडी ठोकळ्यावर चढवून बघा टायर कुठपर्यंत येतो, पुठ्ठ्याला घासला तर तिथं पेनाने खूण करा. पुठ्ठा फाटला तर काही नुकसान नाही, वेल्डिंग झाल्यावर कळलं तर ग्राइंडर घेऊन बसा.

मडगार्ड एक्सललाच जोडलं तर ते चाकाबरोबर वरखाली होतं आणि 3 इंचात भागतं, पण मग सगळे दणके पाट्यात न जिरता थेट मडगार्डच्या ब्रॅकेटला बसतात, आपल्याकडच्या रोडवर तो वेल्डिंगजवळ चिरतो. मी तरी बॉडीलाच लावेन. आणि बाहेरची कड 2 इंचापेक्षा खाली वळवू नका, पंक्चर झालं तर चाक बाहेर निघायला पाहिजे ना. चेसिसखाली जॅक लावला की एक्सल खाली लोंबतो आणि जागा मिळते, एक्सलखाली लावाल तर टायर उलटा वर दाबला जातो.

प्रश्न (शिरपूर, मंडपवाले) : जीपमागे छोटा ट्रेलर, टायर 145/80 आर 12. मडगार्ड प्लास्टिकचं की पत्र्याचं?

उत्तर : पत्र्याचं. 145 म्हणजे रुंदी मिलीमीटरमधे, रबराची उंची तिच्या 80 टक्के म्हणजे 116, दोन वेळा 232, त्यात 12 इंची रिमचे 305 मिलीमीटर, म्हणजे टायर 537 मिलीमीटर, साधारण 21 इंच. दुकानात नुसतं 12 ची रिम सांगू नका, हा आकडा सांगा, कारण एकाच रिमवर कमीजास्त उंचीचे टायर येतात. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात स्वस्त प्लास्टिक दोन-तीन उन्हाळ्यात कडक पडून तडकतं, आणि बांबू उतरवताना पोरं मडगार्डवर पाय देतातच, कितीही ओरडा. 14 गेजचा पत्रा घ्या, साधारण 2 मिलीमीटरचा, आणि खालून एक अँगल टाका.

प्रश्न (नंदुरबार) : मागचा रबरी फ्लॅप किती खाली ठेवू?

उत्तर : भरल्या गाडीला जमिनीपासून 8-10 इंच वर. त्याहून खाली ठेवला तर रिव्हर्स घेताना टायरखाली येतो आणि मडगार्डासकट ओढला जातो.