बारा विद्यार्थ्यांकडून मराठी विकिपीडियावरचे सूक्ष्मजीवशास्त्राचे लेख कसे सुधारून घ्यावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तुम्ही बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवता. बारा विद्यार्थी तयार आहेत, त्यांतल्या आठ जणांकडे फक्त मोबाइल आहे. गेल्या वर्षी मुलांनी नवे लेख लिहिले, त्यांतले बरेच काढून टाकले गेले. यंदा सुरुवात कुठून करावी?

माझं उत्तर: यंदा नव्या विषयावर एकही लेख लिहू नका, आधी रोगांची नावं नीट करा. आपल्या भागातला माणूस 'पाश्चुरेला' असा शोध घेत नाही. तो 'घटसर्प', 'डिंक्या', 'करपा', 'मर' असं टाइप करतो. त्या शब्दावरून तो चुकीच्या पानावर गेला, किंवा कुठेच पोचला नाही, तर पुढचा लेख कितीही चांगला असला तरी त्याच्या कामाचा नाही.

घटसर्पाचंच घ्या. गोठ्यात घटसर्प म्हणजे पाश्चुरेला मल्टोसिडा या जिवाणूचा रोग. पावसाळ्याच्या तोंडावर गाई-म्हशींना होतो, गळा सुजतो, श्वास घरघरतो, जनावर दिवसा-दोन दिवसांत जातं. दवाखान्यात घटसर्प म्हणजे डिप्थेरिया, कोरिनेबॅक्टेरियम डिप्थेरिए या वेगळ्याच जिवाणूचा. तो लहान मुलांच्या घशात करडा पापुद्रा धरतो. दोन्हींत गळ्याशी त्रास, म्हणून नाव एक पडलं. जिवाणू वेगळे, लस वेगळी, आणि एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. आता 'घटसर्प' हे पान माणसाच्या रोगाचं असेल आणि त्यात कोणी जनावरांच्या लसीकरणाचा परिच्छेद घातला, तर दोन्ही वाचक फसतात. इलाज सोपा आहे. दोन स्वतंत्र पानं करायची, शीर्षकात कंस करून एकापुढे 'मानवी रोग' आणि दुसऱ्यापुढे 'जनावरांचा रोग' लिहायचं, आणि नुसत्या 'घटसर्प' या शीर्षकाचं निःसंदिग्धीकरण पान करायचं, म्हणजे एकाच नावाच्या दोन्ही लेखांचे दुवे दाखवणारं पान. मात्र आधीचं पान हलवण्यापूर्वी, म्हणजे त्याचं शीर्षक बदलण्यापूर्वी, लेखाला जोडलेल्या चर्चापानावर कारण लिहा आणि दोन-चार दिवस थांबा. न विचारता हलवलेली पानं परत जागेवर येतात, आणि मुलांचा हिरमोड होतो.

दुसरी जोडी विषमज्वर आणि टायफस. विषमज्वर म्हणजे टायफॉइड. तो साल्मोनेला टायफीमुळे होतो आणि दूषित पाणी-अन्नातून पसरतो. टायफस हा रिकेट्सिया या जिवाणू-गटाचा रोग. पावसाळ्यात आपल्याकडे ज्याची चर्चा असते तो स्क्रब टायफस ओरिएन्शिया सुत्सुगामुशीमुळे होतो. हा जिवाणू पूर्वी रिकेट्सिया प्रजातीत (जीनसमध्ये) धरत, १९९५ मध्ये त्याला स्वतंत्र ओरिएन्शिया प्रजाती मिळाली. जुन्या पुस्तकातून लिहिलंत तर नाव जुनं येईल. तो पसरतो माइटच्या अळीमुळे, म्हणजे चिगरमुळे. मराठी मजकुरात तिथे 'गोचीड' किंवा 'कीटक' असं लिहिलेलं सापडतं. माइट गोचिडीच्या नात्यातला आहे, पण गोचीड नव्हे, आणि कीटक तर नाहीच. हा शब्द दुरुस्त झाला की अंगावर काय शोधायचं, झुडपात जाताना कशापासून जपायचं, हे वाचकाला कळतं.

संत्र्याचा डिंक्या थोडा सविस्तर सांगतो, कारण इथे नुसतं नाव नाही, अख्खा गटच चुकीचा लिहिला जातो. डिंक्या फायटोफ्थोरामुळे होतो आणि मराठीत सर्रास 'बुरशीजन्य रोग' म्हणतात. फायटोफ्थोरा दिसायला बुरशीसारखा असला तरी तो ऊमायसीट आहे, वंशावळीत तपकिरी शैवालांच्या जवळचा. त्याच्या पेशीभित्तिकेत बुरशीसारखं कायटिन मुख्य नसतं, सेल्युलोज आणि ग्लुकान असतात. त्याचे चलबीजाणू पाण्यात अक्षरशः पोहतात. आता बागेत बघा: बुंध्याशी पाणी साचलं की डिंक्या वाढतो, म्हणून दुहेरी आळे करून पाणी खोडापासून लांब ठेवायला सांगतात. आणि बुरशीच्या पेशीतल्या अर्गोस्टेरॉल या घटकावर मारा करणारी काही बुरशीनाशकं इथे चालत नाहीत, कारण फायटोफ्थोरा स्वतः ते बनवतच नाही. 'बुरशी' हा एक शब्द सोडून 'बुरशीसदृश ऊमायसीट' लिहिलं आणि ही दोन कारणं संदर्भासह जोडली, तर संत्रा बागाईतदाराला त्या लेखातून खरंच काही मिळेल. खोडाला बोर्डो मलम लावतात, मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर, एवढा उल्लेख एका वाक्यात चालेल. फवारणीचं वेळापत्रक घालू नका. ते शिफारस-पत्रकाचं काम आहे आणि शिफारशी बदलत राहतात.

'करपा' हे तर एका रोगाचं नावच नाही. भातावरचा करपा बुरशीचा, कडा करपा झँथोमोनास या जिवाणूचा. भंडारा-गोंदियाचा धानवाला 'करपा' शोधेल तेव्हा त्याला दोन्ही पर्याय समोर दिसले पाहिजेत. लिंबावरचा खैऱ्याही झँथोमोनासचाच, पण जाती (स्पीशीज) वेगळ्या. तुरीची मर फ्युजॅरियम उडम या बुरशीची, हरभऱ्याची मर त्याच प्रजातीतल्या दुसऱ्या जातीची. सोयाबीनचा पिवळा मोझॅक विषाणूचा, त्याला पांढरी माशी पसरवते. कुष्ठरोगाच्या पानाला 'महारोग' हा जुना शब्द पुनर्निर्देशन (शोधणाऱ्याला आपोआप मूळ लेखावर नेणारं पान) म्हणून ठेवा, कारण म्हातारी माणसं तोच शोधतात. मजकुरात मात्र तो वापरू नका.

याच कामात शुद्धलेखनाची पुनर्निर्देशनं उरकून घ्या. जिवाणू, जीवाणू, बॅक्टेरिया, बॅक्टेरिआ हे सगळे एकाच पानावर पोचले पाहिजेत. नव्या पानात एकच ओळ लागते: #पुनर्निर्देशन [[जिवाणू]], म्हणजे मूळ लेखाचं जे शीर्षक असेल ते. मोबाइलवाल्या मुलांना पहिल्या दिवशी हेच द्या. पाच मिनिटांत होतं, सहसा कोणी काढत नाही, आणि हात बसतो.

हे सगळं सुरू करण्यापूर्वी एक वही करा, खरी कागदाची. रकाने सहा: बोलीतलं नाव, पुस्तकी मराठी नाव, लॅटिन नाव, कारक कोणत्या गटातला, विकिपीडियावर आज काय आहे, संदर्भ. दर विद्यार्थ्याला पाच नावं. जिवाणूंची आजची मान्य नावं एलपीएसएन (LPSN) या ऑनलाइन यादीत बघा, विषाणूंची आयसीटीव्ही (ICTV) या विषाणू-वर्गीकरणाच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या यादीत. २०२१ पासून जिवाणूंच्या संघांची (फायलम या मोठ्या गटांची) नावं बदलली आहेत: प्रोटिओबॅक्टेरियाचं स्यूडोमोनाडोटा झालं, फर्मिक्यूट्सचं बॅसिलोटा, ॲक्टिनोबॅक्टेरियाचं ॲक्टिनोमायसेटोटा. लेखाच्या उजवीकडच्या जीवचौकटीत (वर्गीकरणाच्या तक्त्यात) जुनी नावं असतील तर नवं लिहून कंसात जुनंही ठेवा, कारण अभ्यासक्रमात अजून जुनंच आहे. लॅटिन नाव पहिल्या वाक्यात एकदा रोमन लिपीत तिरप्या अक्षरांत द्या, पुढे देवनागरी. देवनागरीत मोठं अक्षर नसल्यामुळे प्रजाती कुठे संपते आणि जाती कुठे सुरू होते हे त्याशिवाय कळत नाही.

आता भाषांतराकडे. इंग्रजी लेख यंत्राने मराठी करून तसाच चिकटवणं हे लेख उडण्याचं मोठं कारण आहे, आणि असे लेख उडवणं योग्यच आहे. सूक्ष्मजीवशास्त्रात यंत्र ठरावीक ठिकाणी घसरतं, म्हणून ते शब्द फळ्यावर लिहून ठेवा. कल्चरचं 'संस्कृती' होतं, हवं 'संवर्धन'. स्ट्रेनचं 'ताण' होतं, हवं 'प्रभेद' किंवा 'वाण'. स्टेनचं 'डाग' होतं, हवं 'रंजन'. मीडियमचं 'मध्यम' होतं, हवं 'माध्यम'. ग्रॅम-निगेटिव्हमधला ग्रॅम वाचकाला वजनाचा वाटतो, म्हणून पहिल्या उल्लेखाला लिहा की १८८४ मध्ये रंजनाची ही पद्धत मांडणारे डॅनिश शास्त्रज्ञ हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांचं हे आडनाव आहे. जंतू आणि जंत यांची गल्लत माणसंही करतात, तीही तपासा. पारिभाषिक शब्द अडला तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश बघा. तिथला शब्द फारच अपरिचित असेल तर रुळलेला शब्द आधी आणि कोशातला कंसात. माझ्या मते 'अँटिबायोटिक'ऐवजी 'प्रतिजैविक' चालतं, पण 'एन्झाइम'ऐवजी नुसतं 'विकर' लिहिलं तर कॉलेजातलं पोरगंही अडखळतं.

एक चूक डोळ्यांसमोर ठेवा, कारण ती फार शांतपणे होते. जिवाणू-खताच्या प्रमाणात दहाचा आठवा घात असतो, म्हणजे १०⁸. द्रवरूप खताच्या १ मिलिलिटरमध्ये किमान १०⁸ जिवंत जिवाणू असावेत असा दंडक आहे. पीडीएफमधून कॉपी करताना वरचा आठ खाली येतो आणि लेखात '१०८ जिवाणू' उमटतात. दहा कोटींचे एकशे आठ! घातांक दिसला की तो हाताने टाइप करा आणि पुढे शब्दांत 'दहा कोटी' लिहा. तसंच मायक्रोमीटर आणि नॅनोमीटरचं. ई. कोलाय हा जिवाणू साधारण २ मायक्रोमीटर लांब असतो. त्याजागी नॅनोमीटर पडलं तर तो विषाणूंपेक्षाही लहान ठरेल.

बीटीच्या लेखात तीन गोष्टी एकमेकींत मिसळतात: जिवाणू, त्याचं प्रथिन आणि कापूस. बॅसिलस थुरिंजिएन्सिस १९०१ मध्ये जपानात इशिवाता यांना आजारी रेशीम अळ्यांत सापडला, १९११ मध्ये जर्मनीत बर्लिनर यांना तो पुन्हा सापडला आणि १९१५ मध्ये त्यांनी त्याला थुरिंगिया प्रांतावरून नाव दिलं. त्या नावाचं लघुरूप म्हणजे बीटी. पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या झाडात, तो जिवाणू नसतो, त्याचं प्रथिन बनवणारं जनुक असतं. भारतात बीटी कापसाला मान्यता २००२ ची. ज्या वाक्यात 'बीटी' आहे तिथे या तिघांतलं नेमकं कोण, हे मुलांना लिहायला लावा.

संदर्भाचा नियम एकच: आकडा, वर्ष, कारक आणि उपचार यांतलं काही असलेल्या प्रत्येक वाक्याला संदर्भ. पाठ्यपुस्तक, आढावा-लेख, कृषी विद्यापीठाचं किंवा नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ आणि कापूस संशोधन संस्थांचं प्रकाशन चालतं. एकाच प्रयोगावरचा शोधनिबंध, यूट्यूब, औषध कंपनीचं पत्रक चालत नाही. मराठी विश्वकोश जरूर वाचा, पण छापील खंडांतलं वर्गीकरण त्या काळचं आहे, आणि मजकूर उचलायचा नाही. फुकट वाचायला मिळतं ते फुकट उचलता येतंच असं नाही. दोन स्रोत वाचून, पुस्तक मिटून, स्वतःच्या शब्दांत लिहायची सवय लावा. आणि गुण लेखांच्या संख्येवर देऊ नका. संख्येवर गुण दिले की कॉपी-पेस्ट आलंच. तपासलेल्या संदर्भांवर गुण द्या. बाइटच्या आकड्यालाही भुलू नका: देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं, त्यामुळे पानाच्या बदलांच्या इतिहासात ३,००० बाइट दिसले तरी मजकूर हजार चिन्हांचाच असतो.

खाती घरून, आदल्या आठवड्यात उघडायला सांगा. एका आयपी पत्त्यावरून दिवसाला सहाच खाती उघडता येतात. कॉलेजच्या वायफायवर सातवा विद्यार्थी अडकतो आणि तास वाया जातो. एका लेखावर एका वेळी एकच जण, नाहीतर जतन करताना संपादन-विवाद येतो. लाइन केव्हाही जाते, म्हणून मजकूर आधी मोबाइलच्या नोंदवहीत लिहा, मग विकिपीडियावरच्या स्वतःच्या धूळपाटीत (सरावाच्या पानात), मग लेखात. तुमच्या जुन्या नोट्स कृतिदेव किंवा श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टांत असतील तर त्या थेट चिकटवल्या की नुसती गिचमिड दिसते. युनिकोडमध्ये बदलल्यावरही रफार आणि जोडाक्षरं एकदा डोळ्यांनी तपासा.

चित्रांत तुमचे विद्यार्थी सगळ्यांत जास्त भर घालू शकतात, कारण वावर शेजारीच आहे. पेरणीनंतर ४०-४५ दिवसांनी सोयाबीनचं झाड उपटू नका, मातीच्या ढेकळासकट खणून काढा. उपटलं की गाठी जमिनीतच राहतात. बादलीत अर्धा तास भिजवा, माती आपोआप सुटेल. गाठ ब्लेडने मधोमध कापा. आत गुलाबी-लाल असेल तर लेगहिमोग्लोबिन हे लाल प्रथिन आहे आणि गाठ नत्र बांधते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. कापल्याबरोबर, सावलीत, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून फोटो घ्या. वेळ गेला की रंग तपकिरी पडतो. वर्णनात पीक, वाण, पेरणीनंतरचे दिवस आणि तालुका लिहा. विकिपीडियाच्या चित्रसंग्रहावर, म्हणजे विकिमीडिया कॉमन्सवर, चढवताना मूळ फाइल द्या, व्हॉट्सॲपवरून आलेली नको. त्यात फोटोची मूळ माहिती पुसली जाते आणि तो दुसऱ्याचा असल्याचा संशय येतो. याच फोटोखाली लिहा की सोयाबीनचा जिवाणू ब्रॅडिरायझोबियम जपोनिकम आहे आणि हरभऱ्याचा वेगळा, म्हणून एका पिकाच्या जिवाणू-खताचं पाकीट दुसऱ्याला चालत नाही. तो जिवंत असतो, म्हणून बियाण्याला बुरशीनाशक आधी आणि जिवाणू-खत शेवटी लावून सावलीत सुकवतात. रुग्णांचे फोटो नकोत, परवानगी असली तरी नकोत. रोगजंतूंची संवर्धनं फक्त प्रयोगशाळेत, तुमच्या समोर.

काम झालेली पानं प्रत्येकाने आपल्या निरीक्षणसूचीत (लक्ष ठेवायच्या पानांच्या यादीत) घालावीत आणि महिनाभर आठवड्यातून एकदा बघावीत. कोणी बदल उलटवला तर परत उलटवायचा नाही. चर्चापानावर संदर्भ देऊन विचारायचं आणि शेवटी चार टिल्डे (~~~~) टाकून सही करायची. वहीतलं पहिलं नाव घटसर्प ठेवा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन तिथे तो शब्द कसा वापरतात ते ऐका, मग पान उघडा.