वाचकांचे प्रश्न : जिन्याचा कठडा, मनासारखा

प्रश्न : स्केचअपमध्ये (थ्रीडी मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) पायऱ्यांच्या कडांवरून तिरकी रेषा काढून ती ऑफसेटने (समांतर रेषा काढणाऱ्या साधनाने) ९०० मिमी वर घेतली आणि तिथे हँडरेल बसवला. टेपने मोजल्यावर उंची १०७५ भरते. असं का?

उत्तर : ऑफसेट काटकोनात मोजतो आणि कठड्याची उंची मात्र ओळंब्यात, म्हणजे पायरीच्या पुढच्या कडेपासून सरळ वर मोजायची असते. तुमची पायरी १७० मिमी उंच आणि २६० मिमी खोल आहे, म्हणजे उतार सुमारे ३३ अंशांचा. तिरक्या रेषेपासून काटकोनात ९०० घेतले की उभ्या मापात ते ९०० भागिले ०.८३७ (उताराच्या कोनाचा कोसाइन) होतात, म्हणजे १०७५. पहिल्या आणि शेवटच्या पायरीची कड जोडणारी रेषा निवडा, मूव्ह घ्या, कंट्रोल दाबून तिची प्रत निळ्या, म्हणजे उभ्या, अक्षावर न्या आणि ९०० टाइप करा.

हँडरेल सरळ आणि चौकोनी असेल तर फॉलो-मीच्या (आकार रेषेवरून ओढत नेणाऱ्या साधनाच्या) वाटेला जाऊच नका. बाजूच्या दृश्यात तिरकी पट्टी काढून पुश-पुलने (पृष्ठभाग ओढून जाडी देणाऱ्या साधनाने) रुंदी द्या, काम संपलं. गोल किंवा नक्षीच्या हँडरेलला फॉलो-मी लागतंच. तिथे प्रोफाइल, म्हणजे हँडरेलच्या छेदाचा आकार, तिरक्या रेषेला काटकोनात हवं. उभ्या प्रतलात काढलेला ५० मिमी उंच आयत उतारावर सरकला की हँडरेलची खरी जाडी ४२च्या आसपास उरते. पडद्यावर हा फरक चटकन दिसत नाही, कापायला घेतल्यावर दिसतो.

प्रश्न : दोन खांबांमध्ये सळ्या समान अंतरावर कशा बसवायच्या? शेवटची फट नेहमी वेगळी येते.

उत्तर : बहुतेक जण खांबांमधलं अंतर भागिले फट, म्हणजे १००, करतात आणि सळईची जाडी विसरतात. शिवाय सळ्यांपेक्षा फटी एकाने जास्त असतात, कारण दोन्ही खांबांलगत एकेक फट असते.

खांबांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १२०० मिमी, सळई १६ मिमीची आणि फट जास्तीत जास्त १०० मिमी असं धरू. (बऱ्याच बांधकाम नियमांचा रोख लहान मुलाचं डोकं फटीतून जाऊ नये यावर असतो आणि मर्यादा १०० मिमीच्या आसपास असते. आपल्याकडचा नियम मात्र तपासूनच घ्या.) १२०० मधून एक फट वजा केली की ११०० उरले. त्याला ११६ने (एक सळई अधिक एक फट) भागलं की ९.४८, म्हणजे १० सळ्या. आता फट किती? १२०० वजा १६०, भागिले ११, म्हणजे ९४.५ मिमी. एका सळईच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत ११०.५.

ही सगळी मापं आडवी, प्लॅनमधली आहेत. उतारावर मोजलेलं अंतर इथे वापरलं तर फटी लहान होतात आणि सळ्या उगाच वाढतात.

मॉडेलमध्ये पहिली सळई कंपोनंट (एकदा बनवून पुन्हा पुन्हा वापरायचा भाग) करून जागेवर ठेवा. तिची प्रत उताराला धरून थेट शेवटच्या जागी न्या आणि लगेच /९ टाइप करा, मधल्या आठ आपोआप बसतात. इथे /१० टाइप केलं तर एक सळई जास्त येते, ही चूक फार सर्रास होते.

हे खालच्या तिरक्या पट्टीवर उभ्या राहणाऱ्या सळ्यांसाठी झालं, त्या सगळ्या एका लांबीच्या असतात. सळ्या थेट पायरीवर उभ्या असतील तर हिशेब बदलतो. २६० मिमीच्या पायरीवर १६ मिमीच्या दोनच सळ्या घेतल्या तर फट ११४ होते, म्हणून तीन लागतात (फट सुमारे ७१). या तिघींच्या लांबीत प्रत्येकी ५७ मिमीचा फरक पडतो. तिघींचा मिळून एक कंपोनंट करा आणि तो दर पायरीला २६० पुढे, १७० वर असा सरकवा.

प्रश्न : लँडिंगवर (दोन टप्प्यांमधल्या सपाट जागेवर) जिना उलट फिरतो, तिथे दोन्ही हँडरेल जुळत नाहीत. एक पायरीभर वर राहतो.

उत्तर : सॉफ्टवेअरला दोष देऊ नका, जिन्याची आखणीच तशी आहे. खालच्या टप्प्याची शेवटची कड लँडिंगच्या पातळीत येते. वरच्या टप्प्याची पहिली कड त्याच रेषेवर, पण लँडिंगपेक्षा १७० मिमी वर असते. वरचा टप्पा एका पायरीच्या खोलीइतका, म्हणजे २६० मिमी, चढण्याच्या दिशेने पुढे सरकवा. मग वळणाच्या रेषेवर दोन्ही हँडरेल एकाच उंचीवर येतात. हे प्लॅनच्या पातळीवर ठरवायचं असतं, पायऱ्या ओतल्यावर नाही. तेवढी जागा नसेल तर वळणावर एक उंच खांब घेऊन दोन्ही हँडरेल त्यात वेगवेगळ्या उंचीवर अडकवा. मधे उभा तुकडा टाकून केलेला जोड चालतो, पण हात घसरत नेताना तिथे अडखळतो.

प्रश्न : रेव्हिटमध्ये (इमारतींच्या मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये) स्वतः बनवलेली सळई कठड्याच्या यादीत दिसतच नाही.

उत्तर : फॅमिली, म्हणजे त्या सळईची फाइल, साध्या टेम्प्लेटवर बनवली असणार. बलस्टरच्या (कठड्याच्या उभ्या सळईच्या) टेम्प्लेटपासून सुरू करा आणि सळईची दोन्ही टोकं वरच्या-खालच्या संदर्भ प्रतलांना अलाइन करून लॉक करा. लॉक करायचं राहून गेलं तर सळई दिसेल, पण लांबी बदलणार नाही. कठडा जिन्याऐवजी जमिनीवर आडवा पडला असेल, तर तो निवडून ‘पिक न्यू होस्ट’ने जिना दाखवा.

प्रश्न : कातीव सळ्या टाकल्यापासून मॉडेल फिरवताना अडकतं.

उत्तर : वर्तुळाला २४ बाजू आणि प्रोफाइलला ४० रेषाखंड असले तर एकेका सळईचे ९६० पृष्ठभाग होतात. ६० सळ्यांचे ५७,६०० झाले. कंपोनंट केल्याने फाइल लहान होते, पण पडद्यावर काढायचे पृष्ठभाग तेवढेच राहतात. वर्तुळ १२ बाजूंचं ठेवा, जवळून रेंडर करायचं तेव्हाच २४ वापरा.

प्रश्न : मॉडेलमधली मापं थेट फॅब्रिकेटरला दिली तर चालतील का?

उत्तर : डिझाइन, सळ्यांची जाडी, जोडांची जागा, खांबांच्या तळपट्ट्या, एवढं द्या. कापायच्या लांब्या मात्र फरशी बसल्यानंतर जागेवर घ्यायला सांगा. फरशी आणि खालचा थर धरून जमीन ४० मिमी वर आली आणि पायऱ्यांवर तेवढाच थर चढला नाही, तर पहिली पायरी १७०ची १३० होते. मग तळातला खांब मॉडेलप्रमाणे कापला तर ४० मिमी उंच ठरतो आणि तिथे हँडरेलचा कोन बिघडतो. साइटवर प्रत्येक पायरीची उंची वेगळी मोजून घ्या आणि मॉडेलमध्ये ती टाकून मगच कटिंगची यादी काढा.