नवीन सरपंच झालेल्या ताईसाठी

ताई, अभिनंदन! २०११ पासून आपल्याकडे महाराष्ट्रात पंचायतीत बायकांना ५० टक्के आरक्षण आहे, पण खुर्चीवर तू आणि कारभार दाजींचा असं होऊ देऊ नकोस. चेकवर सही तुझी आणि ग्रामसेवकाची लागते, म्हणून कोऱ्या चेकवर सही अजिबात नाही, कोणी कितीही घाई केली तरी. प्रोसिडिंग, म्हणजे सभेच्या ठरावांचं बुक, घरी मागवू नको, ऑफिसात बसून वाच, नाही कळलं तर बिनधास्त विचार, हसणारे हसतात चार दिवस. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायचीच असते, ती नुसती कागदावर नको, बायकांना रानातून यायला जमेल अशी वेळ ठेव. आणि पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले महिला-बालकल्याणचे १० टक्के कुठे गेले ते पहिल्याच मीटिंगला विचार, बघ कशी धावपळ होते ती 😄