कॅशबॅक ऑनलाइनच का?

प्रश्न : ग्राहकाला फोन स्वस्त मिळत असताना मोबाइल दुकानदारांच्या संघटना ऑनलाइन कॅशबॅकविरुद्ध आंदोलन का करतात? याबाबत काही नियम आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दुकानदारांचा आक्षेप स्वस्ताईला नाही. फोन तोच आणि बँकेचे कार्डही तेच असताना सवलत मात्र ठरावीक संकेतस्थळावरच मिळते, याला आहे. आणि तो मला रास्त वाटतो. नियम आहे, पण अपुरा. केंद्र सरकारच्या डिसेंबर २०१८ च्या ‘प्रेस नोट २’ या परकीय गुंतवणूक धोरणाच्या परिपत्रकानुसार, परकीय गुंतवणूक असलेल्या ई-बाजारपेठेच्या (इतर विक्रेत्यांचा माल विकून देणाऱ्या संकेतस्थळाच्या) समूह कंपन्यांनी ग्राहकांना दिलेला कॅशबॅक न्याय्य व भेदभावरहित असला पाहिजे, तसेच कोणत्याही विक्रेत्यावर आपला माल केवळ त्याच संकेतस्थळावर विकण्याची सक्ती करता येत नाही. ही तरतूद १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू आहे. मात्र कॅशबॅकची अट समूह कंपन्यांपुरतीच असल्याने बाहेरच्या बँकेची योजना तिच्या कक्षेत सहजी येत नाही, आणि दुकानदारांची खरी अडचण इथेच आहे. दिल्ली व्यापार महासंघाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये अ‍ॅमेझॉन व फ्लिपकार्टच्या चौकशीचा आदेश दिला. त्यात केवळ ऑनलाइन विकले जाणारे स्मार्टफोन आणि भरमसाट सवलती हे प्रमुख मुद्द्यांपैकी होते.