तेल घट्ट, मग तरंगतं कसं? घनता आणि घट्टपणा

प्रश्न असा आलाय की "तेल पाण्यापेक्षा घट्ट असतं, मग ते पाण्यावर तरंगतं कसं? घनता म्हणजे घट्टपणाच ना?" गोची सगळी त्या 'घट्ट' शब्दात आहे, विज्ञान बिचारं सरळ आहे.

घट्ट आपण कशालाही लावतो. गाठ घट्ट, झाकण घट्ट, शर्ट घट्ट आणि मधही घट्ट. अशा वेळी मी विरुद्धार्थी शब्द कुठला येतो ते बघतो. घट्ट गाठीच्या उलट सैल गाठ, पण सैल मध कोणी म्हणत नाही, पातळ मध म्हणतात. म्हणजे इथे घट्टचा अर्थ सहज न वाहणारा, एवढाच. याला पुस्तकी शब्द श्यानता. संस्कृतात श्यान म्हणजे थिजलेलं, त्यामुळे शब्द चपखल आहे, फक्त बोलताना कोणाच्या तोंडी येत नाही.

घनता म्हणजे ठरावीक जागेत किती वस्तुमान मावलंय ते. पाण्याची १ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, खाद्यतेलाची साधारण ०.९२, म्हणून तेल वर. पाऱ्याची तब्बल १३.६, पण श्यानता पाण्याच्या जेमतेम दीडपट, म्हणजे वाहायला पारा जवळपास पाण्याइतकाच पातळ! मधात मात्र दोन्ही जास्त (घनता १.४ च्या आसपास) आणि मला वाटतं आपला घोळ मधासारख्या पदार्थांमुळेच होतो, घट्ट ते जड असं डोक्यात बसतं.

दोन्ही गुण एकदम बघायचेत? काचेच्या ग्लासात तेल घ्या आणि वरून पाण्याचा एक मोठा थेंब सोडा. थेंब खाली जातो, कारण पाण्याची घनता जास्त, पण जातो कसा तर रमतगमत, गोल गोळी होऊन, कारण तेल त्याला वाटेत अडवतं. खाली जाणं ही घनतेची करामत आणि रमतगमत जाणं ही श्यानतेची. दुसरं म्हणजे मधाची बाटली कोमट पाण्यात ठेवली की मध सरसर वाहायला लागतो, घनता मात्र जवळपास होती तेवढीच राहते.

आता 'घन'. हा तर घट्टपेक्षा डांबरट. घन म्हणजे ढग, घन म्हणजे स्थायू, घनमूळ-घनफळातला घन वेगळाच, आणि दगड फोडायचा घण त्याच घरातला. त्यामुळे घन पदार्थाची घनता जास्तच असणार असं वाटतं, आणि तिथे बर्फ दगा देतो. बर्फ घन, पाणी द्रव, पण बर्फाची घनता ०.९२ च्या आत, म्हणून तोही तरंगतो.

बोलीतला कुठला शब्द घनतेच्या जवळचा म्हणाल तर माझं मत 'दाट'ला. दाट वस्ती, दाट जंगल, उलट विरळ. लोकसंख्येची घनता म्हणतो तेव्हा हाच अर्थ असतो, जागा तेवढीच आणि माल जास्त. पण द्रवाबद्दल बोलताना दाटसुद्धा घट्टच्याच पंगतीला जाऊन बसतो, तेव्हा तिथे जपून.

श्यानतेला काही जण चिकटपणा म्हणतात, ते मला नाही पटत. चिकटणं म्हणजे दुसऱ्या वस्तूला धरून बसणं, तो वेगळा गुण झाला.

तर तुमचं वाक्य "तेल पाण्यापेक्षा घट्ट पण हलकं" असं लिहा, बिनधास्त चालेल. गॅरेजवाले इंजिन ऑइलला जाड-पातळ म्हणतात तेही चालतं, तिथे घनतेचा विचार कोणाच्या मनातही नसतो.